रिकामी जागा आणि उसना डोळा

वर्तमानपत्राच्या आंतल्या पानावर, निविदा आणि नांवबदल यांच्यामध्यें कोठें तरी, एक जाहिरात अधूनमधून आपल्या दृष्टीस पडते. अमुक वैद्यकीय महाविद्यालय व त्याशीं संलग्न रुग्णालय, विषय, नेत्रशल्यचिकित्साशास्त्र, प्राध्यापक एक, सहयोगी प्राध्यापक एक, सहायक प्राध्यापक दोन, वेतन नियमाप्रमाणें, मूळ कागदपत्रांसह अमुक दिवशीं हजर राहावें. ज्यांचा त्या व्यवसायाशीं संबंध नाहीं ते पान उलटतात. कांहीं महिन्यांनीं तीच जाहिरात एक अक्षरही न बदलतां पुन्हां येते, तेव्हां मात्र एवढें कळून येतें कीं, पहिल्या वेळीं कोणी आलें नाहीं, किंवा आलेला टिकला नाहीं.

नोकरीच्या जाहिरातींत नीतीचा प्रश्न तो काय असावयाचा, असें कोणी विचारील. जागा रिकामी आहे; योग्य मनुष्य मिळाला म्हणजे भरेल; तोंवर काम थोडें तुंबेल, इतकेंच. आमचें म्हणणें असें कीं, ही रिकामी जागा कारकुनाच्या रिकाम्या जागेसारखी नाहीं. कारकून नसला तर काम तुंबतें. शिकविणारा नेत्रवैद्य नसला तर काम पुष्कळदां तुंबत नाहीं. तें चालूच राहतें, आणि तें चालू राहणें हाच येथें नीतीचा प्रश्न आहे.

शस्त्रक्रिया ही विद्या ग्रंथावरून येत नाहीं, हातानेंच येते, ही गोष्ट आपल्याकडे फार पूर्वीं ओळखलेली आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानांत शस्त्रकर्माच्या सरावासाठीं एक स्वतंत्र अध्याय आहे. शिष्यानें आधीं भोपळा, कलिंगड, काकडी अशा फळांवर छेद घ्यावयास शिकावें, वेध करण्याचा अभ्यास मेलेल्या जनावरांच्या शिरांवर व कमळाच्या देंठांवर करावा, अशी तेथें योजना आहे. याच संहितेच्या उत्तरतंत्रांत मोतीबिंदू शलाकेनें बाजूस सारण्याची क्रियाही सांगितली आहे. आज भोपळ्याच्या जागीं बोकडाचा डोळा आला आहे, आणि कांहीं ठिकाणीं डोळ्याचा भास उत्पन्न करणारें यंत्रही आलें आहे. परंतु भोपळा असो कीं यंत्र असो, एक दिवस असा उगवतोच कीं, शिष्याच्या पुढें जिवंत मनुष्याचा जिवंत डोळा असतो आणि शिष्याच्या हातानें तो पूर्वीं कधीं उघडलेला नसतो.

त्या क्षणाचें स्वरूप वाचकांनीं नीट ध्यानांत घ्यावें. मोतीबिंदूच्या आजच्या शस्त्रक्रियेंत तीन मिलिमीटरपेक्षांही लहान छेद घेऊन, गढूळ झालेलें नैसर्गिक भिंग ध्वनिलहरींनीं फोडून शोषून घेतात, आणि त्याचें जें पातळ वेष्टन मागें उरतें त्यांत कृत्रिम भिंग बसवितात. या वेष्टनाची मागची बाजू मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही पातळ असते. हात एवढासा पुढें सरला तर तें फाटतें, मागचा द्रव पुढें येतो, आणि दहावीस मिनिटांत सुखरूप संपावयाचें काम संकटांत सांपडतें. शस्त्रक्रियेच्या सूक्ष्मदर्शकास यासाठींच बाजूला दुसरी नेत्रिका जोडतां येते. शिष्य जें पाहतो तेंच गुरु तिच्यांतून पाहतो. तो बहुतेक वेळ कांहीं बोलत नाहीं. एखाद्या वेळीं मात्र ‘थांबा’ एवढाच शब्द उच्चारतो, आणि उपकरण आपल्या हातीं घेतो. रोग्याला हें कांहींच कळत नाहीं. दुसऱ्या दिवशीं पट्टी निघते, समोरच्या माणसाचें तोंड दिसतें, आणि तो घरीं जातो.

आतां हा डोळा कोणाचा? ज्याला आपला वैद्य निवडतां येतो त्याचा तो बहुधा नसतो. आम्ही, म्हणजे हीं पानें वाचणारे लोक, ओळखीच्या डॉक्टरची चौकशी करतों, त्याचा हात कसा आहे हें दहा जणांना विचारतों, आणि मग वेळ ठरवितों. शिकाऊ हाताखालीं जो डोळा येतो तो सकाळपासून केसपेपर हातांत धरून रांगेंत बसलेल्या शेतमजुराचा असतो, किंवा मुलाच्या खांद्यावर हात ठेवून आलेल्या म्हातारीचा असतो. ज्या निष्णात हाताची आम्ही पुढें चौकशी करतों, तो हात निष्णात झाला तो अशाच डोळ्यांवर. आम्हांस मिळणारें कौशल्य कोणी तरी आपला डोळा उसना देऊन आधीं घडवून ठेविलेलें असतें.

हा अन्यायच नव्हे काय? मनुष्यास केवळ साधन म्हणून वागवूं नये, हें कांटचें सूत्र सुशिक्षितांच्या परिचयाचें आहे. गरिबाचा डोळा शिक्षणाचें साधन झाला, तर या सूत्राचा भंग झाला असें म्हणावें लागेल काय? आमच्या मतें याचें उत्तर त्या सूत्रांतील ‘केवळ’ या एका शब्दांत आहे. दुसऱ्या नेत्रिकेवर गुरु बसलेला आहे, रोग्यास कोण शस्त्र धरणार आहे हें त्याच्या भाषेंत सांगितलेलें आहे व त्यानें तें मान्य केलें आहे, अशा वेळीं तो रोगी साधन असला तरी केवळ साधन नसतो. त्याच्या हिताची राखण करणारा एक मनुष्य तेथें हजर असतो. शिष्याच्या चुकीची किंमत त्याला द्यावी लागूं नये म्हणून गुरूनें आपलें कौशल्य त्याच्यापाशीं तारण ठेविलेलें असतें. पण ती खुर्ची रिकामी असली म्हणजे काय होतें? रांग तेवढीच, शिष्य तोच, शस्त्र तेंच, आणि रोग्याची संमतीही तीच. परंतु तारण नाहींसें झालेलें असतें. गुरु असतांना जें शिक्षण होतें तेंच गुरु नसतांना प्रयोग होतें. बाहेरून पाहणाराला दोहोंत कांहींच फरक दिसत नाहीं, म्हणून ही गोष्ट अधिक भयंकर आहे. जाहिरातींतील ‘एक जागा रिकामी’ या शब्दांचा आम्हांस कळतो तो अर्थ हा.

येथून पुढचा प्रश्न सहजच निघतो. ही खुर्ची भरण्याचें कर्तव्य कोणाचें? जो आज कुशल नेत्रवैद्य आहे त्याच्यावर तसें कांहीं बंधन आहे काय? आपल्या परंपरेनें मनुष्याच्या माथीं जीं ऋणें सांगितलीं त्यांत एक ऋषिऋण आहे. तें घेतलेल्या विद्येचें ऋण आहे, आणि तें विद्या चालती ठेवूनच फिटतें. नेत्रवैद्याच्या बाबतींत या ऋणांत आणखी एक सावकार मिळाला आहे, आणि तो म्हणजे ज्यानें डोळा उसना दिला तो अनोळखी रोगी. त्याचें तोंडही आतां वैद्याला आठवत नसेल. त्याला परत कांहीं देतां येण्यासारखें नाहीं. देतां येतें तें त्याच्या जागीं आज रांगेंत बसलेल्याला, आणि त्याला द्यावयाचें तें हें कीं, त्याच्या डोळ्यावर हात धरणाऱ्या शिष्याच्या शेजारीं आपण बसावें.

यावर दोन आक्षेप येतील, आणि ते पोरकट नाहींत. पहिला असा कीं, ज्यानें आपल्या बुद्धीनें व कष्टानें विद्या मिळविली, आणि आजच्या काळीं पुष्कळदां लक्षावधि रुपये शुल्क भरून मिळविली, तो कोणाचा देणेकरी कसा? त्यास आमचें उत्तर असें कीं, शुल्क महाविद्यालयाला मिळालें. डोळा देणाराला त्यांतील एक पैही मिळाली नाहीं. ज्याचें देणें त्यालाच न पोंचलें, तें फिटलें असें म्हणतां येत नाहीं. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. खासगी व्यवसाय करणारा नेत्रवैद्यही लोकांना दृष्टि देतोच. मग तो ऋण फेडीत नाहीं काय? फेडतो, पण अर्धेंच. तो आपल्या हयातींत हजारों डोळे उघडील. परंतु आपल्यामागें आपल्यासारखा हात ठेवून जाणार नाहीं. शिकविणारा जे शिष्य तयार करतो ते प्रत्येकीं तितकेच डोळे उघडतात.

इतकें म्हटल्यावर सर्व दोष वैद्यांच्या माथीं मारून मोकळें व्हावें, असा मोह होतो. तो आवरला पाहिजे. शंभर वर्षांपूर्वीं अमेरिकेंत हा प्रश्न मोठ्या तीव्रतेनें पुढें आला होता. बॉल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठास १९१३ सालीं रॉकफेलर यांच्या पैशांतून उभ्या राहिलेल्या जनरल एज्युकेशन बोर्डानें पंधरा लक्ष डॉलर दिले. त्यामागील तत्त्व असें कीं, रुग्णालयांत शिकविणाऱ्या प्राध्यापकांनीं पूर्ण वेळ विद्येस द्यावा व रोग्यांकडून खासगी फी घेऊं नये. तत्त्व उदात्त होतें. तरी सर विल्यम ऑस्लर यांच्यासारख्या थोर वैद्यानेंही त्यास विरोध केला. वैद्यकाच्या अध्यापकपदावर या अटीनें पहिले आले ते थिओडोर जेनवे. ते न्यूयॉर्कहून १९१४ सालीं आले आणि १९१७ सालीं त्यांनीं राजीनामा दिला. त्यांच्या कारणांत आर्थिक ओढ हेंही एक होतें. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत ते न्यूमोनियानें वारले. जेनवे लोभी होते असें कोणी म्हणणार नाहीं. त्यांच्या उदाहरणानें एवढेंच सिद्ध होतें कीं, समाजानें आपल्या वांट्याचें ऋण एकट्या अध्यापकाच्या संसारांतून वसूल करूं पाहिलें, तर खुर्ची पुन्हां रिकामी होते.

आपल्याकडे व्यवसायरोध भत्ता, सेवेचें बंधपत्र, कंत्राटी नेमणूक असे जे उपाय योजले जातात, त्यांचाही विचार याच कसोटीवर व्हावयास पाहिजे. बंधपत्रानें मनुष्य एक वर्ष खुर्चीवर बसेल. पण ज्याचें लक्ष वर्ष संपण्याकडे आहे तो ‘थांबा’ हा शब्द योग्य क्षणीं उच्चारील, याची हमी कोणतें बंधपत्र देईल?

ऋण दोघांनीं मिळून फेडलें म्हणजे काय घडतें याचें उदाहरणही त्याच जॉन्स हॉपकिन्समध्यें सांपडतें. डॉ. विल्यम विल्मर हे वॉशिंग्टनचे नामांकित नेत्रवैद्य. त्यांच्याकडे काचबिंदूसाठीं उपचार घेणाऱ्या आयडा ब्रेकिनरिज या बाईंनीं आपल्या वैद्याच्या मनांतील अध्यापनसंस्थेसाठीं स्वतः वर्गणी गोळा करण्याचें काम अंगावर घेतलें, आणि १९२५ सालीं विल्मर नेत्रसंस्था स्थापन झाली. वैद्य शिकवावयास आला तो रोग्यानें त्याच्यासाठीं खुर्ची उभी केली म्हणून.

दुसरें उदाहरण आपल्या देशांतलें आहे. डॉ. गोविंदप्पा व्यंकटस्वामी हे मदुराईच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत नेत्रविभागाचे प्रमुख होते. तरुणपणीं झालेल्या संधिवातानें त्यांचीं बोटें वेडीवांकडीं झालीं होतीं. त्याच बोटांना त्यांनीं शस्त्र धरावयास शिकविलें. १९७६ सालीं, वयाच्या ५८ व्या वर्षीं, ते सेवानिवृत्त झाले आणि अकरा खाटांचें अरविंद नेत्ररुग्णालय त्यांनीं सुरू केलें. ज्याला देतां येतें त्यानें द्यावें, ज्याला येत नाहीं त्याचेंही काम तितक्याच काळजीनें व्हावें, आणि पहिल्याच्या पैशावर दुसऱ्याचा खर्च चालावा, ही तेथील घडी. १९९२ सालापासून त्यांच्याच ऑरोलॅबमध्यें कृत्रिम भिंगें तयार होऊं लागलीं व परदेशी भिंगांची किंमत जेथें गरिबास डोळा उघडूं देत नव्हती तेथें तीं आवांक्यांत आलीं. पण आमच्या विषयाच्या दृष्टीनें महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. तें रुग्णालय शाळाही झालें. तेथें फी देणाऱ्या रोग्यालाही नकळत हें कळतें कीं, आपल्या पैशानें कोणाचा तरी डोळा उघडतो आहे आणि कोणाचा तरी हात घडतो आहे.

तेव्हां या ऋणांत आम्हीही भागीदार आहों, आणि आमचा हप्ता पुष्कळ दिवस थकलेला आहे. मध्यमवर्गीय घरांतील एखादी मुलगी नेत्रशल्यचिकित्सेची पदवी घेते, महाविद्यालयांत सहायक प्राध्यापक होते, आणि तिच्या अभिनंदनाला आलेला प्रत्येक पाहुणा चहाचा पेला खालीं ठेवतांना विचारतो, “तें ठीक आहे, पण स्वतःचें क्लिनिक केव्हां काढणार?” जणूं शिकविणें ही वाट पाहण्याची खोली आहे, आणि खरें आयुष्य तिच्या पलीकडच्या दारांत. सरकारनें वेतन वाढवावें, जागा वेळेवर भराव्या, यंत्रें दुरुस्त ठेवावीं, हें सर्व आम्हीं मागितलेंच पाहिजे. परंतु त्या मुलीला घरींदारीं जो प्रश्न आम्ही विचारतों, तो कोणत्याही सरकारानें आमच्या तोंडीं घातलेला नाहीं.

पुन्हां ती जाहिरात दृष्टीस पडेल तेव्हां पान उलटण्यापूर्वीं क्षणभर थांबावें, एवढीच आमची विनंती आहे. आमच्या घरांतील ज्या वृद्धांनीं मोतीबिंदूनंतर पुन्हां पोथी वाचावयास घेतली, त्यांच्या वैद्याचा हात कोणाच्या तरी डोळ्यावर स्थिर झाला होता, आणि त्या वेळीं बाजूच्या खुर्चीवर कोणी तरी बसलेलें होतें.