आजोळच्या अंगणातला चिखल



संतसज्जनहो, ज्येष्ठ वद्यात दोन्ही पालख्या पुण्यास येतात. माउली भवानी पेठेत पालखी विठोबाच्या मंदिरात, तर तुकोबाराय नाना पेठेत निवडुंग्या विठोबाच्या मंदिरात मुक्काम करतात. वारकरी पुणे ओळखतो ते वाटेवरचा मुक्काम म्हणून. परंतु तुकोबारायांचे या शहराशी नाते नुसत्या मुक्कामाचे नाही, सोयरिकीचे आहे. जिजाई पुण्याच्या आप्पाजी गुळवे यांची लेक. मातोश्री कनकाई लोहगावच्या. म्हणजे पुणे सासुरवाडी आणि लोहगाव आजोळ. त्या काळी ही दोन गावे वेगळी होती. आज आजोळ सासुरवाडीच्या पोटात गेले आहे.

कसे गेले, ते थोडक्यात सांगतो. 1939 साली लोहगावच्या माळावर लष्करी विमानांचा तळ झाला. पुढे तेथेच पुण्याचा विमानतळ झाला. शहर सरकत सरकत आले आणि 2017 साली उरलेसुरले लोहगावही पुणे महानगरपालिकेत आले. शेजारचे वाघोली 2021 साली आले. 2024 साली राज्य मंत्रिमंडळाने विमानतळास जगद्गुरु संत तुकाराम महाराजांचे नाव देण्याचा प्रस्ताव मंजूर केला, तो या आजोळाच्या नात्यानेच. नाव ऐकून आम्हांस आनंद झाला. पण आनंदामागून एक प्रश्नही उभा राहिला. पाटीवर नाव येवो. गाव कोठे राहिले?

आता 'ग्राम' शब्दाचा अर्थ पाहा. ग्राम म्हणजे समूह. संगीतशास्त्रात स्वरांचा ग्राम, वेदान्तात इंद्रियांचा ग्राम. एकटा स्वर ग्राम होत नाही. स्वर एकमेकांशी मेळाने राहिले की ग्राम होतो. तेव्हा वेस पडली, शिवार बिनशेती झाले, एवढ्याने ग्राम नष्ट होत नाही. मेळ तुटला की होतो. शिवाराला वेस असली आणि माणसांत मेळ नसला, तर तेथे घरे आहेत एवढेच म्हणावे.

लोहगावात हा मेळ कसा होता? तुकोबारायांच्या चौदा टाळकऱ्यांची नावे संप्रदायात सांगतात. त्यांत लोहगावचे कोंडोपंत लोहोकरे आहेत, नावजी माळी आहेत, शिवबा कासार आहेत. ब्राह्मण, माळी, कासार एका ओळीत टाळ घेऊन उभे. आणि त्याच नामावळीत वाघोलीचे रामेश्वरभट्टही आहेत. हा मेळ आयता मिळालेला नाही, बरे का! तो दाहातून निघाला आहे.

शिवबा कासाराची कथा महिपतिबाबांनी गायिली आहे. शिवबा आधी तुकोबांचा द्वेष करी. एकदा कीर्तनास आला, ऐकले आणि पालटला. मग रोज कीर्तन, रोज भजन. दुकानाकडे लक्ष नाही, घराकडे नाही. बायकोचा संताप होऊ लागला. तिने ठरविले, या साधूलाच धडा शिकवावा. महाराजांना घरी बोलाविले, स्नानास बसविले आणि कढत पाणी अंगावर ओतले. महाराजांनी पांडुरंगाचा धावा केला. शापाचा एक शब्द तोंडून निघाला नाही. पुढे त्या बाईच्याच अंगावर व्याधी उठली. औषधोपचार हरले. तेव्हा उपाय सांगितला गेला तो असा, की जेथे महाराजांचे स्नान झाले, तेथला चिखल अंगास लाव. तिने लावला आणि ती बरी झाली. नुसते अंग बरे झाले नाही, मनही निवले. नवराबायको दोघेही भजनी लागली.

आम्ही तरुणपणी ही कथा सांगताना त्या बाईस फार बोलत असू. श्रोते हसत, आम्हांसही बरे वाटे. आता साठी उलटल्यावर वाटते, आमचे चुकत होते. तिची तक्रार खोटी नव्हती. चूल तिलाच पेटवायची होती, आणि धनी घरात नाही. प्रपंच टाकून परमार्थ करा असे तुकोबारायांनी कोणास सांगितले? चूक तक्रारीत नव्हती. पाणी कढत केले ही चूक. तक्रार खरी असूनही माणूस दुसऱ्यास भाजतो, आणि सर्वांत खोल भाजतो तो तक्रार खरी असते तेव्हाच.

दुसरी गोष्ट पाहा. औषध कोठून आले? काशीहून नाही. तिच्याच अंगणातून आले. ज्या पाण्याने भाजले तेच पाणी संताच्या अंगावरून जमिनीवर उतरले आणि त्या मातीचे औषध झाले. रामेश्वरभट्टांचीही कथा अशीच. त्यांनी वह्या बुडवायला लावल्या. पुढे अनगडशहा फकिराच्या शापाने त्यांच्या सर्वांगाचा दाह झाला. तो शमला तुकोबांच्याच अभंगाने. ज्याचा अपराध केला, त्याच्याकडूनच शांती मिळाली. आणि दोघेही, म्हणजे वह्या बुडविणारे भटजी आणि ज्याच्या घरी अंग भाजले तो कासार, टाळकऱ्यांत आले. संतांनी कोणास गावाबाहेर काढले नाही. यास आम्ही गाव म्हणतो.

आज शहराच्या कडेच्या गावांत हाच दाह आहे. जमिनीला सोन्याचा भाव आला आणि भावाभावांत कज्जे लागले. जुना गावकरी म्हणतो, "आमचे रान गेले, आमचे पाणी गेले, हे कोण आले?" इमारतीतला नवा माणूस म्हणतो, "घराचे हप्ते फेडतो, पण येथे आम्हांस कोण विचारतो?" दोघांचीही तक्रार खरी. म्हणूनच चुलीवर दोन्हीकडे पाणी कढत आहे. आणि अंगणे तर फरशीची झाली. चिखल आणावा कोठून?

सांगतो. पुण्याजवळच्या एका गावी आम्ही सप्ताहाच्या कीर्तनास गेलो होतो. गावाचे नाव सांगत नाही. पहाटे काकडा, मग पारायण, सायंकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन आणि पुढे जागर, असा नेम. सातही दिवस वीणा खाली ठेवायची नाही. एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जायची. पहाऱ्याची यादी करणाऱ्या पोराला ठाऊक नव्हते. त्याने दोन सख्ख्या भावांची नावे लागोपाठ लिहिली. मोजणीवरून त्यांचे कैक वर्षे बोलणे बंद. पहाटे तीनला धाकटा आला. वीणा खाली तर ठेवता येत नाही! थोरल्याने काढून त्याच्या गळ्यात घातली. मग रीतीप्रमाणे दोघे एकमेकांच्या पाया पडले. उठताना थोरल्याला धाकट्याने हात दिला. बोलले कोणी नाही. खटला मिटला असे आम्ही म्हणत नाही, तो चालूच राहिला. पण काल्याच्या पंगतीस दोघे एका ओळीत बसले, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले.

संतसज्जनहो, तो चिखल येथे आहे. वीणेचा पहारा, हरिपाठाची ओळ, काल्याची पंगत हेच ते अंगण. त्यावर कोणी फरशी घातलेली नाही. म्हणून आमची विनंती एवढीच. यंदा तुमच्या सप्ताहाची यादी कराल, तेव्हा वर्गणीची पावती घेऊन नव्या इमारतीत जाताच, तशी पहाऱ्याची यादी घेऊनही जा. पैसे मागितले तर माणूस देणगीदार होतो. रात्रीचा एक तास मागितला तर तो गावकरी होतो. आणि नव्यांनो, पखवाज ऐकून खिडकी लावू नका. खाली या. वीणा कशी धरायची ते गावातला कोणीही शिकवील.

विमाने डोक्यावरून जातील. त्यांचा आवाज ओसरेपर्यंत थांबावे आणि पुन्हा टाळ उचलावे. आजोळास तुकोबारायांच्या नावाची पाटी लागो, फार चांगले. पण नातू आजोळी येतो तो पाटी वाचायला नव्हे. घरची माणसे एकत्र बसलेली पाहायला येतो.

पुंडलिक वरदे हरि विठ्ठल!