आजाराचे नाव कुणाचे?

खोकल्यातून रक्त पडले की जळकोट-उदगीरकडे ओठांवर पहिला शब्द येतो तो क्षयाचा. तसे वाटण्यात गैर नाही. परंतु क्वचित त्या रक्ताच्या मुळाशी फुफ्फुसातच उगम पावलेली एक विरळ गाठ असते. तिला कार्सिनॉइड म्हणतात. हा कर्करोगच, मात्र बहुधा संथ वाढणारा. विडीला कधी न शिवलेल्या तरुणालाही तो होतो. गाठ श्वासनलिकेच्या फांदीत बसते, पुढचा भाग कोंडतो आणि तिथे पुन्हापुन्हा न्यूमोनिया होतो. दुर्बिणीची नळी आत घालून, तुकडा तपासून निदान पक्के करतात. वेळीच शस्त्रक्रियेने गाठ काढली तर पुष्कळ रुग्ण बरे होतात.

निदान हाती येते आणि मुलगा डॉक्टरांना बाजूला घेऊन म्हणतो, "साहेब, आण्णांना यातलं काही सांगू नका." यामागे माया असते, हे आम्ही नाकारीत नाही. तरीही ही माया रुग्णाचे काही हिरावून घेते. फुफ्फुसाचा खंड कापायचा तो त्याच्या छातीतला. क्षयाची गाठ म्हणून मिळवलेली संमती ही संमती कसली?

१९३३ साली अमेरिकेतील सेंट लुईस येथे डॉ. एव्हर्ट्स ग्रॅहम यांनी कर्करोगासाठी एक संपूर्ण फुफ्फुस काढले. रुग्ण स्वतःच डॉक्टर. त्याच्यापासून काय लपवणार? तो पुढे तीस वर्षे जगला. धूम्रपान करणारे ग्रॅहम मात्र १९५७ साली फुफ्फुसाच्याच कर्करोगाने गेले.

आपल्या कुटुंबांत या लपवाछपवीला आणखी एक पदर आहे. धर्मगुरू तेल घेऊन दारी आले म्हणजे मरण आले, ही जुनी समजूत. हा केवळ मरणोन्मुखांचा संस्कार नव्हे, असे द्वितीय व्हॅटिकन परिषदेने १९६३ सालीच सांगितले. १९७२ च्या विधीनुसार गंभीर आजारावरील शस्त्रक्रियेपूर्वीही रुग्णाभ्यंग देता येतो. पण ज्याला 'काही विशेष नाही' असे सांगितले, तो अभ्यंग कशाला मागेल? पापनिवेदन, रुसलेल्या भावाशी समेट, वाटणीचा शब्द, सारेच राहून जाते.

काही जण आपणहून म्हणतात, "मला नको सांगू, तूच बघ." तो त्यांचा अधिकार, मुलांनी तो परस्पर वापरू नये.

बार्शी परिसरात १९८७ पासून ग्रामीण कर्करोग नोंदणी चालते. तिचे कार्यकर्ते खेड्यांत कर्करोगाचे नाव घेऊन बोलू लागले, तशा गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या स्त्रिया आधीच्या टप्प्यात तपासणीस येऊ लागल्या. खेड्यातील माणसाला हे नाव पेलत नाही, असे म्हणणाऱ्यांनी हे पाहावे.

उरतो प्रश्न सांगायचे कसे हा. डॉक्टरांनी, घरातील एकाला जवळ बसवून, घाई न करता सांगावे. रुग्ण विचारील तेवढेच त्या दिवशी, उरलेले दुसऱ्या दिवशी.