संमतीतली मती

सप्टेंबर २००२. पिट्सबर्गमध्ये शवविच्छेदनाच्या टेबलावर माईक वेबस्टरचं शव होतं. कवटीतून बाहेर काढलेला मेंदू वरून पाहता अगदी धडधाकट दिसत होता. ना सूज, ना रक्त साकळल्याचा डाग, ना आकसल्याची खूण. समोर उभे असलेले डॉक्टर बेनेट ओमालू मूळचे नायजेरियाचे. अमेरिकन फुटबॉलमधलं त्यांना फारसं काही कळत नव्हतं, आणि वेबस्टर हे त्या शहराचं केवढं दैवत आहे याचीही त्यांना पुरती कल्पना नव्हती. मेंदू इतका ठीक होता, तर त्याच्या मालकाची शेवटच्या वर्षांत अशी दैना का झाली, हा प्रश्न काही त्यांना सोडवेना. त्यांनी मेंदू जपून ठेवला, पदरचे पैसे घालून त्याचे पातळ काप करवून घेतले आणि ते सूक्ष्मदर्शकाखाली धरले. पन्नास वर्षांच्या माणसाच्या मेंदूत टाऊ नावाच्या प्रथिनाच्या गाठी जागोजाग साचल्या होत्या.

वेबस्टर पिट्सबर्ग स्टीलर्सचा सेंटर. १९७४पासून पंधरा मोसम या संघात, मग दोन कॅन्सस सिटीत. चार सुपर बोल विजेतेपदं. सेंटर म्हणजे दोन पायांमधून चेंडू मागे क्वार्टरबॅकच्या हाती देणारा गडी. चेंडू देतो न देतो, तोच समोरचा सव्वाशे-दीडशे किलोंचा माणूस त्याच्यावर येऊन आदळतो. हे एकदा होत नाही, प्रत्येक डावाच्या सुरुवातीला होतं. सामन्यात होतं, आठवडाभराच्या सरावात होतं, शाळेपासून होत आलेलं असतं. यातल्या बहुतेक धडकांनी माणूस बेशुद्ध पडत नाही, आणि त्या कुणी मोजतही नाही.

आपण म्हणतो, डोळ्यांपुढे काजवे चमकले. अमेरिकन फुटबॉलपटू म्हणत, घंटा वाजली. दोन्ही भाषांनी या माराला जवळजवळ लाडाचं नाव दिलं आहे. घंटा वाजून थांबते, काजवे चमकून विझतात, आणि माणूस पुन्हा उभा राहतो. शब्दांनीच आपल्याला शिकवून ठेवलं की हे तात्पुरतं असतं.

आत काय होतं? गोटा झालेला, म्हणजे आतलं खोबरं सुटलेला नारळ कानाशी धरून हलवावा. करवंटी शाबूत असते, आत मात्र गोटा आपटत राहतो. मेंदू गोट्याइतका टणक नाही. तो मऊ आहे, आणि डोकं गर्रकन वळलं की त्यातले बारीक तंतू ताणले जातात, पिळवटले जातात. हेल्मेट ही करवंटीवरची आणखी एक करवंटी. कवटी फुटून होणारे मृत्यू तिनं कमी केले, हे तिचं मोठंच काम. पण आतलं हलणं तिला थांबवता येत नाही. उलट वेदना कमी झाल्यामुळे डोकंच शस्त्र म्हणून पुढे करायची सवय खेळाला लागली. मार खाल्लेल्या तंतूंपाशी टाऊ सुटतं, गुंततं, साचतं, आणि खेळणं थांबल्यावरही हा पसारा वाढतच राहतो. मग विसर पडतो, संताप अनावर होतो, झोप उडते. मुष्टियोद्ध्यांच्या बाबतीत हॅरिसन मार्टलंड या डॉक्टरांनी १९२८मध्येच असं काहीसं लिहून ठेवलं होतं. ओमालूंना जे दिसलं त्याला क्रॉनिक ट्रॉमॅटिक एन्सेफॅलोपथी, थोडक्यात सीटीई म्हणतात. या आजाराचं पक्कं निदान आजही फक्त मेल्यानंतर होतं.

वेबस्टर शेवटी कधी आपल्या ट्रकमध्ये झोपत असे. झोप लागावी म्हणून स्वतःला विजेचे झटके देऊन घेत असे. गळणारे दात गोंदानं चिकटवत असे. ज्याचं नाव १९९७मध्ये खेळाच्या कीर्तिमंदिरात लागलं, त्याची ही अवस्था.

ओमालूंचा निबंध २००५मध्ये मेंदूशल्यचिकित्सेच्या एका प्रतिष्ठित नियतकालिकात आला. नॅशनल फुटबॉल लीगनं, म्हणजे एनएफएलनं, १९९४पासून डोक्याच्या दुखापतींवर आपली एक समिती नेमलेली होती. तिचे पहिले अध्यक्ष सांधेदुखीचे डॉक्टर होते, मेंदूचे नव्हेत. या समितीच्या सदस्यांनी पत्र लिहून ओमालूंचा निबंध मागे घेण्याची मागणी केली. नियतकालिकानं ती मानली नाही. समितीचे स्वतःचे निबंध मात्र याच नियतकालिकात सलग छापून येत होते, आणि व्यावसायिक खेळाडूंमध्ये दीर्घकाळ टिकणारी इजा दिसत नाही, असा त्यांचा सूर होता.

आता यापुढची गोष्ट मला सगळ्यांत जास्त अस्वस्थ करते. खेळाडूंच्या निवृत्तिवेतनाचं आणि अपंगत्वाच्या लाभांचं काम पाहणारं एक मंडळ आहे. त्यात निम्मे सदस्य मालकांचे, निम्मे खेळाडूंच्या संघटनेचे. वेबस्टरनं जिवंतपणी या मंडळाकडे अर्ज केला होता. १९९९मध्ये मंडळानं लेखी मान्य केलं की त्याचं अपंगत्व फुटबॉल खेळताना डोक्याला झालेल्या मारातून आलं आहे. म्हणजे ओमालूंनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावण्याच्या तीन वर्षं आधी ही गोष्ट एका कागदावर उतरली होती. खेळाच्या कारभाराचा एक हात मान्य करत होता, दुसरा पुढची कितीतरी वर्षं नाकारत राहिला. लीगच्या एका वरिष्ठ पदाधिकाऱ्यानं अमेरिकी काँग्रेसच्या सदस्यांपुढे फुटबॉल आणि सीटीईचा संबंध उघड मान्य केला, तो मार्च २०१६मध्ये. या मधल्या काळात किती मुलं मैदानात उतरली असतील!

या खेळाच्या बाजूनं नेहमी एक गोष्ट सांगितली जाते. खेळाडू सज्ञान आहेत, धोका ओळखून उतरतात, भरघोस पैसे घेतात. त्यांनी संमती दिली आहे. या म्हणण्यात थोडं तथ्य आहे, म्हणून ते नीट तपासायला हवं. आपल्या भाषेत हा शब्द फार नेमका आहे. संमतीत 'मती' आहे. ज्या मतीनं होकार द्यायचा, तीच इथे मोबदल्यात खर्ची पडते. गुडघा गेला तर माणूस लंगडत का होईना, आपण केलेल्या सौद्याचा हिशेब मांडू शकतो. या दुखण्यात हिशेब मांडणाराच हळूहळू निघून जातो. बाविसाव्या वर्षी सही करणारा आणि पन्नाशीत ट्रकमध्ये झोपणारा, यांच्यातला दुवाच तुटतो. मग पहिल्यानं दुसऱ्याच्या वतीनं होकार दिला, असं कोणत्या तोंडानं म्हणायचं?

आणि माहिती हाती असूनही ती देणाऱ्यानं दडपली, तर उरलीसुरली संमतीही खोटी ठरते. माजी खेळाडूंनी २०११पासून खटले भरले ते याच मुद्द्यावर. तडजोड आधी ७६ कोटी ५० लाख डॉलरवर ठरली. न्यायाधीश अनिता ब्रॉडी यांना एवढी रक्कम पुरेल याची खात्री वाटेना. शेवटी भरपाईवरची मर्यादाच काढावी लागली आणि वाटप पुढे एक अब्ज डॉलरच्या पलीकडे गेलं. पण त्यातही एक भयंकर गोष्ट दडलेली होती. बुद्धी किती घटली हे मोजताना कृष्णवर्णीय खेळाडूंची मूळ बौद्धिक पातळीच कमी धरणारं कोष्टक वापरलं जात होतं. मूळ कमी, म्हणून घट कमी, म्हणून भरपाई नामंजूर! ज्या लीगचे बहुसंख्य खेळाडू कृष्णवर्णीय, तिथे हे चाललं. दोन माजी खेळाडूंनी २०२०मध्ये दाद मागितली, तेव्हा कुठे ते कोष्टक रद्द झालं.

बॉस्टन विद्यापीठात डॉ. ॲन मॅकी यांच्याकडे आलेल्या एनएफएल खेळाडूंच्या १११ मेंदूंपैकी ११०मध्ये सीटीई सापडला, हा २०१७चा निष्कर्ष सगळीकडे गाजला. तो जपूनच वाचला पाहिजे. मेंदू देणारी कुटुंबं बहुतेक आधीच काळजीत पडलेली असतात. त्यामुळे शंभरातल्या नव्व्याण्णव खेळाडूंना हा आजार होतो, असं त्यातून निघत नाही. पण इतके सापडावेत, ही गोष्ट नमुना एकांगी आहे म्हणून पुसली जात नाही.

२०२२च्या सप्टेंबरात मायामीचा क्वार्टरबॅक टुआ टॅगोवायलोआ डोकं आपटून उठला आणि चालताना लटपटला. लाखो लोकांनी ते दूरचित्रवाणीवर पाहिलं. तरी त्याला त्याच सामन्यात परत खेळवलं. चारच दिवसांनी सिनसिनाटीत तो पुन्हा आपटला आणि त्याची बोटं हवेत वेडीवाकडी ताठरली. त्यानंतर नियम बदलला: तोल गेलेला दिसला की त्या दिवशी परत मैदानात नाही. २०२४मध्ये त्याला पुन्हा मार बसला, आणि बरा होऊन तो पुन्हा खेळला. धोका रोजच्या जगण्यातही असतो, हा त्याचा युक्तिवाद मी खोडून काढू शकत नाही. त्याला निदान ठाऊक तरी आहे. २०१५मध्ये ख्रिस बोरलंड एका मोसमानंतर, चोविसाव्या वर्षी, हे सारं सोडून निघून गेला. त्यालाही ठाऊक होतं.

माझी मावसबहीण पिट्सबर्गजवळ राहते. तिच्या चौदा वर्षांच्या मुलाला शाळेच्या संघात जायचं आहे. तिथल्या कायद्यानुसार डोक्याच्या दुखापतीची माहिती वाचून पालकांनी आणि मुलानं सही करायची असते. असे कायदे २००९पासून आले, तेही वॉशिंग्टन राज्यात तेरा वर्षांचा एक मुलगा मार बसूनही पुन्हा खेळायला उतरला आणि जन्माचा अधू झाला, म्हणून. "दादा, करू का सही?" तिनं फोनवर विचारलं. मी लगेच नको म्हणालो. मग ती म्हणाली, "त्याचे सगळे मित्र तिथेच आहेत रे." यावर मला काही बोलता येईना. शुक्रवारी संध्याकाळी अख्खं गाव शाळेच्या मैदानावर जमतं आणि पोराला आपण या गावचे आहोत असं वाटतं, ते त्याच्याकडून काढून घ्यायला मी सांगत होतो. तरीही मी नकोच म्हणालो. आजही म्हणेन. सज्ञान टुआनं काय करावं हे मी सांगणार नाही. पण चौदाव्या वर्षी मती अजून घडते आहे, आणि तिच्या वतीनं आपण सही करायची, हे मला मान्य नाही.

शिकागो बेअर्सचा डेव्ह ड्यूरसन १९८५च्या मोसमातल्या विजेत्या संघात होता. पुढे तो वर सांगितलेल्या त्याच मंडळावर खेळाडूंचा प्रतिनिधी म्हणून बसला, माजी खेळाडूंचे अर्ज तपासू लागला. २००७मध्ये सिनेटपुढे बोलताना त्यानं आपल्या वडिलांचं उदाहरण दिलं: त्यांना अल्झायमर आहे, आणि ते कधी व्यावसायिक खेळ खेळलेले नाहीत. मग त्याचं स्वतःचं विसरणं सुरू झालं. फेब्रुवारी २०११मध्ये, पन्नासाव्या वर्षी, त्यानं आयुष्य संपवलं. मेंदू शाबूत राहील याची काळजी त्यानं घेतली होती, आणि तो तपासणीसाठी द्यावा असं लिहून ठेवलं होतं. मे महिन्यात बॉस्टनच्या डॉक्टरांनी निष्कर्ष जाहीर केला. त्यांना सीटीई सापडला होता.