परिचारिकेचा शब्द

हृदयावरील शस्त्रक्रिया आटोपत आली आहे. छातीचे हाड तारेने जोडण्यापूर्वी परिचारिका रक्त टिपण्याचे गॉज मोजते. एक कमी भरतो. शल्यविशारद म्हणतात, “तुमची मोजणी चुकली असेल.” अशा वेळी तिने गप्प राहणे ही नम्रता मानावी काय?

आपल्या कित्येक घरांतील लेकी परिचारिका आहेत. वडीलधाऱ्यांपुढे उलट बोलू नये, हे आपणच त्यांना शिकविले. परंतु टेबलावर निजलेला रुग्ण बोलू शकत नाही. परिचारिकेचे पहिले उत्तरदायित्व त्याच्याशी आहे.

संत थॉमस अक्वायनस आत्मविश्वासाला मनाच्या थोरपणाच्या सद्गुणाशी जोडतात, आणि अंगचे सामर्थ्य न ओळखता मागे सरणे हा दोष मानतात. नम्रतेशी या थोरपणाचा विरोध नाही, असेही ते सांगतात. सेमिनरीत हे प्रकरण मला जरा कोरडेच वाटले होते!

मात्र हा आत्मविश्वास ज्ञानावर उभा हवा. हृदय-फुप्फुस यंत्र जोडण्यापूर्वी रक्त गोठू नये म्हणून हेपारिन देतात. यंत्र थांबल्यावर त्याचा परिणाम उतरविण्यासाठी प्रोटामिन. यंत्र चालू असतानाच चुकून प्रोटामिन दिले गेले, तर आत गुठळ्या होऊन प्राणावर बेतते. हा क्रम जिला पक्का ठाऊक आहे, तीच योग्य क्षणी “थांबा” म्हणू शकेल. तिला नुसते ‘धीट हो’ म्हणणे व्यर्थ आहे. कृत्रिम रुग्णावर, आणि तोही शल्यविशारद व भूलतज्ज्ञ यांच्यासह, आणीबाणीचा सराव तिच्याकडून करवून घ्यावा लागतो. तिथल्या चुकीने कोणाचा जीव जात नाही.

तरीही एवढ्याने भागत नाही. कॅनडातील विनिपेग येथे १९९४ साली हृदयशस्त्रक्रियेच्या वेळी किंवा त्यानंतर बारा बालके दगावली. न्यायाधीश मरे सिंक्लेअर यांचा चौकशी अहवाल २००० साली आला. परिचारिकांनी आपली चिंता वेळीच बोलून दाखविली होती, परंतु ती गांभीर्याने घेतली गेली नाही. त्यांच्याजवळ ज्ञान होते, धैर्यही होते. उणीव ऐकणाऱ्यांत होती.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २००८ च्या तपासणी-यादीनुसार, छेद घेण्यापूर्वी चमूतील प्रत्येकाने आपले नाव व काम सांगायचे असते. वरवर पाहता हा शिष्टाचारच. पण त्या खोलीत जिचा आवाज एकदा उमटला, तिला तो पुन्हा काढणे थोडे सोपे जाते.

तो हरवलेला गॉज कदाचित हृदयामागे असेल, कदाचित बादलीत. शोधावे लागेल, क्ष-किरण चित्र काढावे लागेल, वेळ जाईल. आणि बादलीतच सापडला, तर शल्यविशारदांनी तिला काय म्हणावे?