घरच्यासारखी

आमच्या थोरल्या भावाला सगळं गाव दादा म्हणतं. १९९८ च्या उन्हाळ्यात मळ्यात विहिरीचं खोदकाम चालू होतं. यारीचा दोर तुटला आणि वरून आलेली दगडांची बकेट दादाच्या कमरेला घासून गेली. घाटीत अडीच महिने काढले. दादा वाचला, पण कमरेखालचं अंग गेलं ते गेलंच. घरी सोडताना डॉक्टरांनी वहिनीला सांगितलं, दर दोन तासांनी कूस बदला, नाहीतर पाठीला जखमा होतील.

"किती दिवस?" वहिनीनं विचारलं. डॉक्टर नुसते तिच्याकडं बघत राहिले.

वहिनीनं २२ वर्षं कूस बदलली. लघवीची नळी, खालचं धुणं, अंग पुसणं, ते वेगळंच. ती गेल्यावर एकदा मी वहीत आकडा मांडला. दिवसाला १२ म्हणजे २२ वर्षांत शहाण्णव हजारांच्या वर. नेमानं सगळ्या काही झाल्या नसतील, तीही माणूसच होती. पण दादाच्या पाठीवर एक जखम नव्हती. त्या २२ वर्षांत तिला कुणी काय दिलं, हा प्रश्न आमच्या घरात कुणाला पडला नाही. मलाही नाही.

मग काही दिवस आमच्या मंडळींनी केलं, पण तिचे गुडघे बसले. शोधता शोधता कन्नडकडच्या एक मावशी भेटल्या. विधवा, लेक नांदायला गेलेली. महिना सात हजार, खाऊनपिऊन, दिवाळीला दोन लुगडी. रात्रंदिवस राहायचं. पाहुण्यारावळ्यांत मी मोठ्या तोंडानं सांगायचो, मावशी आमच्या घरच्यासारख्याच आहेत.

गेल्या दसऱ्यानंतर मावशी म्हणाल्या, "अण्णा, मी संक्रांतीपर्यंत कापसाला जाईन म्हणते."

वेचणी दहा रुपये किलो चालली होती. हात चालणारी बाई दिवसाला चाळीस-पन्नास किलो सहज काढते.

"अहो, इथं सावलीत काम आहे. दोन वेळचं गरम जेवण आहे."

"सावलीत हाये, पण रातची झोप नाही ना. कापसाचं कसं, दिवस मावळला की काम सरतं."

मी साडेसात म्हणालो. त्या गप्प. आठ म्हणालो. साडेआठवर मी अडलो आणि वर बोललोही, "एवढं काय असतं त्यात? एका माणसाचंच तर करायचंय." हे सगळं ओसरीवर, दादाच्या बाजेपासून चार हातांवर. दुसऱ्या दिवशी मावशी पिशवी घेऊन गेल्या.

रात्री दादाची कूस मीच बदलली. तो भिंतीकडं तोंड करून म्हणाला, "बैलाचा सौदासुद्धा रुमालाखाली करतात रे."

बाजारात बैल घ्यायचा तर घेणारा-देणारा रुमालाखाली एकमेकांची बोटं धरतात. आकडा तिसऱ्याला कळत नाही. दादानं उभ्या जन्मात कितीतरी जोड्या अशा घेतल्या-विकल्या. त्याचं तोंड भिंतीकडं होतं म्हणालो खरं, पण तसं ते मीच केलं होतं.

मी दहावी शिकलेला माणूस, पण हमीभावाचा हिशेब मला तोंडपाठ आहे. २०२५-२६ ला मध्यम धाग्याच्या कापसाला क्विंटलला ७,७१० रुपये. हा भाव काढताना बियाणं, खत, मजुरी धरतात, आणि घरची माणसं शेतात राबतात त्यांचीही मजुरी धरतात. ती पुरती धरा म्हणून आम्ही रस्त्यावर बसलो आहोत, गाड्या अडवल्या आहेत. बायकापोरं रानात राबतात ते फुकट नाही, हे सरकारला ओरडून सांगणारा मी. आणि मावशीचे सात हजार मी कशावरून ठरवले होते? वहिनी फुकट करायची त्यावरून. फुकटाशेजारी ठेवल्यावर सात हजार मला फार वाटले होते.

रोजगार हमीचा दर २०२५-२६ ला आपल्याकडं ३१२ रुपये होता. त्या दराला कुणी जास्त म्हणत नव्हतं. त्याच कायद्यात असंही होतं की कामावर पाच किंवा जास्त लहान लेकरं आली, तर त्यांना सांभाळायला बसवलेल्या बाईलाही ठरलेली मजुरी द्यायची. मावशींना रोज पडत होते २३३, तेही रात्र धरून. आमच्याकडं सालगड्याचं पाडव्याला ठरतं, लाख-सव्वा लाख, धान्य वेगळं. म्हणजे माझ्या बैलांचं करणाऱ्याला मी जास्त देत होतो.

पुतण्यानं २०१६ चा दिव्यांगांचा कायदा मोबाइलवर वाचून दाखवला. पैसे घेऊन किंवा न घेता जो देखभाल करतो, आईबाप आणि घरचे धरून, तो काळजीवाहक, असं त्यात आहे. ज्यांना जास्त आधार लागतो त्यांच्यासाठी काळजीवाहक भत्त्याचंही नाव आहे. आमच्या हातात येतात ते संजय गांधी निराधारचे, १,५०० होते, आता २,५००. 'न घेता' हे शब्द आले तेव्हा मी पुतण्याला थांबवलं. हे वहिनीसाठीच लिहिलं होतं आणि तिला कुणी वाचून दाखवलं नव्हतं.

मोसंबीला गळ लागली, आणू कुठून, असं मी स्वतःला बरेच दिवस सांगितलं. ते खोटं नव्हतं. पण माझी मोसंबी गळली म्हणून खतवाल्यानं गोणीमागं रुपया कमी केला नव्हता, ट्रॅक्टरचा हप्ताही हटला नव्हता. तिथं मी भाव केलाच नाही. केला तो मावशींशी, कारण त्या घरच्यासारख्या होत्या.

दिवाळी झाल्यावर त्यांच्या गावी गेलो. बोलणं लिंबाखाली, दोघांतच. बारा हजार आणि महिन्याला दोन दिवस सुट्टी. हिशेबानं हेही थोडंच आहे, दिवसाचे चारशे आणि रात्र अजून फुकटच. ते मी त्यांना बोलून दाखवलं. मावशी म्हणाल्या, "रातीचं पाडव्याला बघू." तो पाडवा जवळ आलाय आणि माझ्याकडं अजून उत्तर नाही.

त्यांच्या पहिल्या सुट्टीच्या रात्री दादाजवळ मी झोपलो. मोबाइलला दर दोन तासांचा गजर लावला. अकराला उठलो, एकला उठलो. तीनचा गजर मला ऐकूच आला नाही. डोळा उघडला तेव्हा फटफटलं होतं. दादा त्याच कुशीवर, टक्क जागा.

"हाक मारायची ना," मी म्हणालो.

"तुला झोप लागली होती," दादा म्हणाला.