साक्षीतली बाकीची माणसं

संकेश्वरहून बांद्याकडे निघालं की गडहिंग्लजनंतर आजरा लागतो. गोव्याकडून घाट चढून आलेली ख्रिस्ती कुटुंबं इथं पिढ्यान्‌पिढ्या राहतात. ही मंडळी कॅथलिक. देवानं आपल्यासाठी काय केलं हे सभेत उभं राहून सांगण्याची त्यांच्याकडे फारशी रीत नाही. त्यांचं मेणबत्तीवर, नऊ दिवसांच्या नोव्हेना-प्रार्थनेवर भागतं. कोल्हापूर-मिरजेकडच्या प्रोटेस्टंट मंडळ्यांत मात्र प्रार्थनासभेत कुणीतरी उठतं आणि साक्ष देतं. आजार होता, कर्ज होतं, दारू होती. प्रार्थना केली, प्रभूनं सोडवलं.

ऐकणाऱ्यांना धीर येतो, हे खरंच. पण त्याच बाकावर अशी एखादी आई असते, जिनं तितक्याच कळवळ्यानं प्रार्थना केली होती आणि जिचा मुलगा वाचला नाही. साक्ष देणारा खोटं बोलत नसतो. तरीही त्याचं ऐकून ती स्वतःलाच विचारत बसते, आपलं कुठं चुकलं? नुसतं खरं बोललं की साक्ष देणाऱ्याचं काम संपलं, असं म्हणूनच मला वाटत नाही. कुणासमोर सांगतोय आणि कुणाला वगळून सांगतोय, तेही पाहायला हवं.

आजऱ्याहून बेळगाव फार लांब नाही. बाबा पदमनजी तिथले, जन्म १८३१चा. त्यांनी बाप्तिस्मा घेतला १८५४ साली आणि ‘अरुणोदय’ हे आत्मचरित्र आलं १८८४ मध्ये. मधे तीस वर्षं! हल्ली गेल्या आठवड्यातला चमत्कार या आठवड्यात माईकवर येतो. पदमनजींचं मन वळलेलं, पण पाय उचलत नाही. परमहंस सभेत गुपचूप जातिभेद मोडायचा आणि उघडपणे काही करायचं म्हटलं की कचरायचं. ही सगळी चालढकल त्यांनी लिहून ठेवली आहे. त्यांच्या श्रद्धेवर माझा विश्वास बसतो तो त्या चालढकलीमुळे.

कवी नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. प्रार्थनासभेत ही हकिकत दोन मिनिटांत आणि आनंदात संपली असती. घरात काय झालं ते त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’त आहे. लहान मुलाला, दत्तूला, घेऊन नातेवाइकांच्या आधारानं काढलेले दिवस, लोकांचं बोलणं, नवऱ्यावरचा राग आणि त्याची ओढ, दोन्ही एकदमच. पुढं त्या टिळकांकडे परतल्या. १९०० साली त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला. पण तिथवर पोचल्या म्हणून आधीचं रडणं त्यांनी पुसून टाकलं नाही, की टिळकांच्या विक्षिप्तपणावर हसणंही सोडलं नाही. त्यांची स्वतःची वाट तर शिवाशिवीच्या प्रश्नातून गेली. माणसानं केलेला विटाळ देवाच्या माथी कशाला, हे त्यांना उमगलं आणि मग कुणाच्याही हातचं पाणी चालू लागलं. मराठीत याहून चांगली साक्ष मी वाचलेली नाही, आणि तिच्यात नवऱ्याच्या साक्षीची उलटतपासणीही आहे.

साक्षीचा आणखी एक नमुना बायबलात आहे. योहानाच्या शुभवर्तमानात, नवव्या अध्यायात, दृष्टी मिळालेल्या जन्मांधाची परूशी खोदून खोदून चौकशी करतात. आईबाप घाबरून अंग काढून घेतात. तो मात्र आपल्याला आता दिसतं एवढंच ठामपणे सांगतो. जे ठाऊक नाही ते ठाऊक नाही म्हणतो. बरं करणारा कोण याचं उत्तर त्याला मागाहून मिळतं.

एवढा संयम आपल्याकडे कमी. आजारातून उठलेला माणूस देवाचे आभार मानतो, ते रास्तच आहे. पण त्या सांगण्यातून पाटल्या गहाण टाकणारी बायको गळते, रात्रपाळीची नर्स गळते, हॉस्पिटलातला डॉक्टर गळतो. मध्यरात्री गाडी काढून गडहिंग्लजपर्यंत पोचवणारा शेजारी तर बहुतेक वेळा हिंदू नाहीतर मुसलमान असतो. त्याचं नाव निघालं नाही हे त्याला कळतही नाही, कारण तो त्या सभेला नसतोच.