मंदिराच्या डागडुजीत सापडलेला ग्रंथ

शास्त्रपाठ : २ राजे २२:३-१३, यिर्मया ३६



योशीया राजाच्या कारकिर्दीच्या अठराव्या वर्षी परमेश्वराच्या मंदिराची डागडुजी चालू होती. सुतार व गवंडी कामाला लागले होते. त्यांच्या हाती दिलेल्या पैशांचा हिशेब कोणी मागत नसे, इतकी ती माणसे सचोटीची होती, असे शास्त्र आवर्जून नमूद करते. अशा वेळी मुख्य याजक हिल्कीया याला त्या मंदिरातच नियमशास्त्राचा ग्रंथ सापडला. राजाने ग्रंथ शोधण्यास कोणाला धाडले नव्हते. आज्ञा होती ती मोडतोड दुरुस्त करण्याची. ग्रंथ घराबाहेर गेलाच नव्हता. तो वाचला जात नव्हता, एवढेच. दुरुस्तीच्या घाईत कामकऱ्यांनी जुने ते सारे कचरा म्हणून बाहेर फेकले असते, तर मंदिर नवे दिसले असते आणि ग्रंथ कायमचा गेला असता.

हा धोका आपल्या घरात आज संगणकाच्या रूपाने आला आहे. राजस्थानात जयपूर येथे, अजमेर मार्गावरील सोडाला या भागात राहणाऱ्या एका मराठी ख्रिस्ती भगिनीची हकीकत मला ठाऊक आहे. तिचे यजमान रेल्वेतून निवृत्त झालेले. परप्रांतात राहूनही त्यांनी घरी मराठी प्रार्थनासभा चालविली आणि वीस वर्षांची प्रवचने स्वतः टंकून संगणकात ठेविली. ते प्रभूकडे गेले, आणि काही महिन्यांनी तो संगणक सुरूच होईना. पंखा फिरे, पडदा मात्र काळा. पुतण्या म्हणाला, ‘‘काकू, सगळे पुसून नव्याने विंडोज घालू, तासाभरात चालू होईल.’’ त्याचे म्हणणे खोटे नव्हते. यंत्र खरोखरच चालू झाले असते.

वस्तीतील दुरुस्ती करणाऱ्या कारागिराने मात्र आधी विचारले, ‘‘माताजी, आत काय आहे?’’ ते कळल्यावर त्याने पुसण्यास साफ नकार दिला. जयपुरात उन्हाळ्यात आंधी येते आणि धूळ कोठेही शिरते. त्याने पेटी उघडून धूळ काढली, स्मृतीची पट्टी उपसून तिची सोनेरी टोके शाळकरी मुलांच्या खोडरबराने घासली आणि पुन्हा बसविली. पडदा उजळला, पण विंडोज अर्ध्यावर येऊन थांबे. तेव्हा त्याने हार्ड डिस्क काढून आपल्या संगणकाला जोडली आणि दुरुस्तीला हात लावण्यापूर्वी सर्व फायली दुसऱ्या डिस्कवर उतरवून घेतल्या. यंत्र सुरू न होणे आणि आतील मजकूर नष्ट होणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे त्या माणसाला पक्के ठाऊक होते. दुरुस्ती दोन दिवस थांबली असती तरी चालले असते. प्रवचने पुसली गेली असती तर ती कोणी परत दिली असती?

या विद्येतील एक गोष्ट उपदेशकालाही विचारात पाडील अशी आहे. जुन्या पद्धतीच्या फिरत्या डिस्कवरील फाईल आपण पुसतो, तेव्हा ती लगेच नाहीशी होत नाही. ती जागा आता मोकळी आहे, एवढीच नोंद होते. अक्षरे तेथेच राहतात, त्यांच्यावर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत. म्हणून हरवलेले परत हवे असेल तर पहिला नियम असा, की त्या डिस्कवर नवे काही लिहू नये. डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर ती पुनःपुन्हा चालू करून पाहणे म्हणजे जखम उकरणे होय. वीज बंद करावी आणि जाणकाराकडे न्यावी. अलीकडच्या एसएसडी डिस्कमध्ये मात्र पुसलेले बहुधा थोड्याच वेळात खरोखर नाहीसे होते. शिवाय अनेक संगणकांतील मजकूर कुलूपबंद असतो. बिटलॉकरची ४८ अंकी किल्ली हरवली, तर निरोगी डिस्कही मुकी राहते.

आपल्या मंडळ्यांत काय घडते? एखादा तरुण वर्षभर उपासनेला आला नाही, की यादीतून त्याचे नाव खोडले जाते आणि त्याच्या जागी दुसरे लिहिले जाते. त्याच्या आत आईने शिकविलेली प्रार्थना अजून आहे की नाही, हे पाहण्यास कोणी त्याच्या घरी जात नाही. नवी समिती निवडून आली, की जुन्या नोंदवह्या माळ्यावर वाळवीच्या स्वाधीन होतात. त्यांत आपल्या आजोबांच्या बाप्तिस्म्याची नोंद असते. सुधारणा हवी, याविषयी माझा वाद नाही. पण काय टिकवायचे हे न विचारता केलेल्या सुधारणेची मला भीती वाटते.

कधी कधी मजकूर खरोखरच जळतो. योशीयाने ग्रंथ ऐकून आपली वस्त्रे फाडली. त्याचाच पुत्र यहोयाकीम हिवाळ्यात शेगडीपुढे बसला असता यिर्मयाचा पट त्याच्यापुढे वाचला गेला. तीनचार रकाने वाचून होताच तो चाकूने कापून विस्तवात टाकी. पट जाळू नये म्हणून विनवणाऱ्यांत गमऱ्या होता, आणि हा गमऱ्या शाफानाचा मुलगा. ज्या शाफान चिटणिसाने योशीयाला तो सापडलेला ग्रंथ वाचून दाखविला, त्याचा! एका घराण्यात ग्रंथाची कदर उतरली, दुसऱ्यात उतरली नाही. राजाने विनवणी ऐकली नाही. पण यिर्मयाने पुन्हा सांगितले, बारूखाने पुन्हा लिहिले, आणि नवा पट पहिल्याहून मोठा झाला.

११ मार्च १८१२ रोजी सेरामपूरच्या छापखान्याला आग लागली. ज्या विल्यम केरींनी आदल्याच वर्षी मराठी नवा करार छापून दिला होता, त्यांची अनेक भाषांतील हस्तलिखिते एका रात्रीत राख झाली. राखेतून मात्र खिळे ओतण्याचे पोलादी ठसे शाबूत निघाले. वितळलेले शिसे गोळा करून त्यांनी नवे खिळे ओतले आणि छपाई पुन्हा सुरू केली. अक्षरे गेली होती; अक्षरे घडविणारे साधन उरले होते.

सोडाल्याच्या त्या घरातही फायली परत मिळाल्या, पण उघडल्या तेव्हा मराठीऐवजी इंग्रजी अक्षरे व चिन्हे यांचा अर्थहीन गोंधळ दिसला. युनिकोड घरोघर पोहोचण्यापूर्वी मराठी वेगवेगळ्या फाँटांत टंकली जाई. तो फाँट नसला की मजकूर असूनही वाचता येत नाही. कारागिराला मराठी येत नव्हती. शेवटी पुण्यातील एका नातलगाने तो फाँट ओळखून सर्व मजकूर युनिकोडमध्ये आणून दिला. कूशी षंढाच्या हाती यशयाचा ग्रंथ होता, तरी फिलिप्पाला त्याच्या रथावर चढून बसावे लागले, त्याची मला येथे आठवण होते.

ती प्रवचने आता छापील कागदावर आहेत, एक प्रत जयपुरात आणि एक पुण्यात. शेवटचे प्रवचन अर्ध्या वाक्यात थांबले आहे. ते पूर्ण करून द्यावे काय, असे पुतण्याने विचारले, तेव्हा काकूंनी सांगितले की ते तसेच असू दे, आणि त्या रविवारच्या सभेत ते तेथपर्यंतच वाचले गेले.